तोंड उघडा, वस्ताद

आमच्या घरातला बिघाड आधी ताटात दिसला. माझं माहेर भिवापूरचं, त्यामुळे मिरची विकत आणायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. दर उन्हाळ्यात भाऊ पोतं आणून टाकायचा. आमचे वस्ताद त्या मिरचीचा ठेचा भाकरीवर जाड थापून खात, नाकाडोळ्यांतून पाणी काढत आणि वर मलाच डिवचत, "तुझ्या माहेरच्या मिरचीत आता पह्यलेसारखा दम नाही राहिला वं." चौऱ्याऐंशी सालच्या वैशाखात मात्र त्यांनी ताटातला ठेचा बोटाने बाजूला सारला आणि दही मागितलं.

माहेरच्या मिरचीचा अपमान म्हणजे माझाच अपमान. मी लगेच विचारलं, "काहून जी? काय खोट निघाली मिरचीत?"

"मिरची बराबर आहे. तोंडात आग होऊन राहिली."

"खर्रा खाल तर आग नाही तर काय गारवा होईल?"

त्यांनी नेहमीप्रमाणे ऐकलं नाही. माझं बोलणं त्यांना गल्लीतल्या हातमागाच्या खटखटाटासारखं झालं होतं. रोजचंच असलं की कानावर पडूनही ऐकू येत नाही. मी आणखी चार वाक्यं बोलले, भांडी जरा जोरात आदळली आणि दही वाढलं.

वस्ताद म्हणजे माझे यजमान, शालिकराम. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. लिहायला हरकत नसावी. आम्ही कोष्टी. सासऱ्यांच्या घरी हातमाग होता. तो मोडीत निघाला आणि वस्ताद हिंगण्याच्या एका कारखान्यात लेथवर लागले. मी घरी चरख्यावर सुताच्या कांड्या भरून सोसायटीला देत असे. पण कारखाना त्यांच्या पोटापुरता होता. जीव सगळा तांडापेठेतल्या आखाड्यात. पाळी कोणतीही असो, कामावर जाण्याआधी आणि आल्यावर त्यांचं अंग मातीला लागलंच पाहिजे. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण मुद्गल फिरवायला लागला की विशीतली पोरं बघत राहायची. आणि आवाज असा की आखाड्यात त्यांनी "शाब्बास" म्हटलं तर घरात माझं चरख्याचं चाक थांबायचं. नागपंचमीच्या दंगलीत पहिलवानांची नावं पुकारायला त्यांना भोंगा लागत नसे.

आणि याच माणसाच्या डाव्या गालात उठल्यापासून निजेपर्यंत खर्रा. ज्यांना नागपूर ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: सुपारीची खांडं, तंबाखू आणि चुना एकत्र करून प्लास्टिकच्या पन्नीत घोटघोट घोटायचा आणि चिमूट गालात दाबून ठेवायची. आमच्याकडे पाहुण्याला एकवेळ चहा विचारणार नाहीत, पण खर्रा पुढे करतील.

त्यांचे गुरू दादाजी वस्ताद. त्यांच्या काळी तंबाखू खाणाऱ्याला आखाड्याची पायरी चढू देत नसत. आमच्या वस्तादांकडे आखाडा आला तेव्हा खर्राही सोबत आला. स्वतः खायचं आणि पोरांना नको म्हणायचं, हे त्यांच्या मनाला पटेना, सोडणंही जमेना. म्हणून त्यांनी मधला रस्ता काढला. जो खर्रा खाईल त्याने पायाखालची माती ओली होईपर्यंत बैठका मारायच्या. घामावाटे तंबाखूचं विष निघून जातं, असं त्यांचं म्हणणं. सुरुवातीला ही शिक्षा होती. हळूहळू तिची परवानगी झाली. पोरं आधीच बैठका मारून मोकळी व्हायची आणि मग हक्काने पुडी सोडायची. वस्ताद स्वतः सगळ्यांपेक्षा जास्त बैठका मारायचे, कारण खर्राही त्यांचाच जास्त होता.

हे त्यांनी कुठून शोधलं मला माहीत नाही, पण पुरावा त्यांना शेजारीच मिळाला होता. आमच्या भिंतीला भिंत लागून जयवंताचं घर. छप्पन साली दीक्षाभूमीवर दीक्षा घेतलेलं कुटुंब. तिचा नवरा नत्थू शिंपीकाम करायचा, दिवसभर मशीनवर बसलेला, गालात खर्रा. तो तोंडाच्या कॅन्सरने गेला. वस्तादांनी त्याला खांदा दिला, घरी येऊन मोरीवर आंघोळ केली आणि अंग पुसता पुसता म्हणाले, "नत्थूनं आंग हलवलं नाही वं कधी. बसून खाणाऱ्याले होते हे. घाम गाळणाऱ्याच्या आंगात बिमारी टिकत नाही."

मला ते खरं वाटावं असं फार वाटत होतं. दोघांचा खर्रा एकाच ठेल्यावरचा होता.

तर वैशाखात तिखट सुटलं. ज्येष्ठात आंबे आले, तर म्हणाले रस काढून दे, चोखायचा कंटाळा येतो. आंबा चोखायचा कंटाळा! मग भाकरी दुधात कुस्करून खायला लागले. मी म्हटलं, "दात पडले काय जी?" तर म्हणाले, "दाढ दुखून राहिली." दाढेला लवंगेचं तेल लावायला ते मोरीजवळच्या आरशासमोर उभे राहिले आणि गाल बोटाने ओढून धरला, तेव्हा मी पाठीमागून पाहिलं. आत पांढरा चट्टा होता, साईसारखा, आणि त्याच्या मधोमध लाल जखम. जखमेच्या कडा उचललेल्या होत्या. मला पाहून त्यांनी गाल सोडला.

"दात लागला."

"कधी?"

"लागला कधीतरी. सरक, उशीर होऊन राहिला."

त्या दिवसापासून माझं कशात चित्त लागेना. कांड्या भरताना धागा तुटायचा आणि मला कळायचंही नाही. ते जेवायला बसले की मी त्यांच्या ताटाकडे न पाहता तोंडाकडे पाहायची. तोंड किती उघडतं, घास कोणत्या बाजूने चावतात, पाणी पिताना डोळे मिटतात का. ते चिडायचे. "मी काय पह्यल्यांदा जेवून राहिलो?" मी नजर वळवायची आणि पुन्हा पाहायची.

त्यांनाही भीती वाटत असणार. बोलले नाहीत, पण कसरत वाढवली. कारखान्याची बस दारावरून जायची. ती सोडून ते सायकलने हिंगण्याला जायला लागले. आल्यावर बैठका, सपाटे, मुद्गल. अंग उतरायला लागलं, गळ्याची हाडं दिसायला लागली, आणि आखाड्यातली पोरं म्हणायची, "वस्ताद, काय कसलं तुमचं आंग!" ते खूश व्हायचे. मी रात्रीची भाकरी थापता थापता ऐकायची आणि माझा हात थांबायचा. हे अंग कसलेलं नव्हतं. ते उपाशी होतं.

शेवटी एके दुपारी मी जयवंताकडे गेले. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "नत्थूभाऊचं सुरू कसं झालं होतं वं?"

जयवंताचा हात सुपातच थांबला. "काहून विचारून राहिली?"

"असंच."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग खाली बघून म्हणाली, "पह्यले तिखट सुटलं."

मी ओट्याच्या खांबाला धरून बसले. जयवंताने मला पाणी दिलं, काही विचारलं नाही. आपल्याला सांगावं न लागता दुसऱ्याला कळतं, त्या कळण्याचीही भीती वाटते.

त्या संध्याकाळी मी वस्तादांना सरळ म्हटलं, "धंतोलीत डॉक्टरले दाखवू."

"पंचमी झाली की पाहू. दंगलीची तयारी आहे."

पंचमी झाली. यंदा नावं पुकारताना त्यांचा शब्द गालात अडकत होता. लोकांना वाटलं घसा बसला. मी पुन्हा म्हटलं. तर म्हणाले, "पोळा होऊ दे." त्यांचं 'नंतर' असं सणासणाने पुढे सरकत होतं, आणि आपल्याकडे सणांना काय तोटा?

मी रडले, भांडले, एक दिवस चूल पेटवली नाही. तेव्हा त्यांनी मनातलं सांगितलं. "नत्थूले काय केलं दवाखान्यात? तुकडा काढला. लोखंड लागलं अन् पसरलं. चाकू लागेपर्यंत चांगला होता तो. मले हात लावू देणार नाही मी कोणाले. घामानंच जाईल हे."

"अन् नाही गेलं तं?"

त्यांनी मुद्गल उचलले आणि बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी मी जयवंताला घेऊन धंतोलीला गेले. नत्थूला ज्यांनी पाहिलं होतं तेच कान-नाक-घशाचे डॉक्टर. बाहेर बाकड्यावर सगळा विदर्भ बसलेला. कुणाच्या गालाला फडकं, कुणाच्या नाकात नळी. एक म्हातारी तोंडावर पदर धरून होती आणि तो पदर ओला होता. मला पळून जावंसं वाटलं. जयवंताने माझं मनगट धरून ठेवलं.

डॉक्टरांनी विचारलं, "पेशंट कुठे आहे?"

"आखाड्यात."

"मग तुम्ही का आलात?"

"ते येत नाहीत म्हणून."

डॉक्टर हसले, पण मी सगळं सांगायला लागले तसं त्यांचं हसणं गेलं. जखम कधीपासून आहे, विचारलं. तिखट वैशाखातच सुटलं, जखम ज्येष्ठात दिसली म्हटल्यावर त्यांनी लिहिणं थांबवलं. "तोंडातली जखम इतके दिवस राहत नाही, बाई. राहिली तर थांबायचं नसतं. तोंड पूर्ण उघडतं का त्यांचं?"

"कसं पाहायचं जी?"

"आपलीच तीन बोटं, एकावर एक उभी धरून दातांच्या मध्ये घालायची. निरोगी माणसाची जातात." मी तिथेच घालून पाहिली. गेली. ते म्हणाले, "त्यांची जातात का बघा. आणि काहीही करून आणा त्यांना. पोळ्यानंतर वगैरे नको."

उठता उठता मी त्यांना तो प्रश्न विचारला, जो मला जयवंतासमोर विचारायची लाज वाटत होती. "ते लई कसरत करतात, डॉक्टरसाहेब. लई घाम गाळतात. त्याचा काही उपयोग नाही काय?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "कसरत चांगलीच. अंगाला तिचा फायदा होतच असेल. कॅन्सर किती टळतो, ते मला सांगता येणार नाही. पण बाई, तंबाखू ते गालात धरतात आणि बैठका पायांनी मारतात. घामाने गाल धुतला जात नाही."

घर आलं तेव्हा जयवंता म्हणाली, "चाकूनं नाही पसरलं वं नत्थूचं. आम्ही गेलो तेव्हाच ते गळ्यात उतरलं होतं. हे तुया वस्तादाले सांग." मी सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही.

आता आमच्या आखाड्याची एक रीत सांगितली पाहिजे. तिथे कुणीही आखाड्यातली चिमूटभर माती उचलून दुसऱ्याच्या तळहातावर ठेवली, तर त्याला लढावंच लागतं. समोरचा लहान की मोठा, आपला की परका, बघायचं नाही. माती झटकली तर लंगोट कायमचा खुंटीला टांगायचा. दादाजी वस्तादांपासून ही रीत चालत आली होती आणि आमच्या वस्तादांनी आयुष्यात कधी माती झटकली नव्हती. ते माझं ऐकत नव्हते, डॉक्टरचं ऐकणार नव्हते, पण मातीला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. आखाड्यात बाईने पाऊल टाकायचं नाही, हीही रीतच होती. दोन रितींमध्ये मला एक मोडणं भाग होतं.

पोळा दोन दिवसांवर आला होता. संध्याकाळी मी चरखा बाजूला ठेवला, पदर खोचला आणि निघाले. चारचौघांत नवऱ्याला खाली पाहायला लावणार होते मी. रागाने त्यांनी घर सोडलं तर? दोन दिवस बोललेच नाहीत तर? बोलले नाहीत तरी चालेल, जिवंत राहू देत, असं म्हणत मी दारात पोचले.

पोरं बैठका मारत होती. मारुतीपुढे दिवा होता. वस्ताद कठड्यावर बसून लय देत होते. त्यांचा पट्टशिष्य श्रावण मला पाहून सगळ्यांआधी थांबला. "काकू? काय झालं?"

मी चपला काढल्या, मारुतीला हात जोडले आणि आत गेले. माती गार आणि मऊ होती. मी खाली वाकून चिमूट उचलली, वस्तादांसमोर गेले, त्यांचा उजवा हात धरून उलटा केला आणि तळहातावर ठेवली. पोरांच्या बैठका थांबल्या.

"येडी झाली काय वं?" ते हळू आवाजात म्हणाले. "घरी जा."

"माती ठेवली आहे, वस्ताद. झटकायची असेल तं झटका."

त्यांची मूठ वळली. माती झटकली नाही. कपाळावरची शीर फुगली होती. "कशाची कुस्ती पाहिजे तुले?"

"तीन बोटं," मी म्हटलं. "ह्या पोरायपुढे आपली तीन बोटं तोंडात घाला. अशी." मी माझी घालून दाखवली. "गेली तं मी हरली. पुन्हा डॉक्टरचं नाव घेणार नाही, तुमच्या गळ्याची आन. नाही गेली तं उद्या सकाळी माझ्यासंग धंतोलीले यायचं."

कुणीतरी हसलं. वस्तादही हसले. त्यांनी पोरांकडे पाहून म्हटलं, "हिचं तोंड मोठंच आहे, साऱ्या तांडापेठेले माहीत आहे." मोठा हशा झाला. मला तो हशा बरा वाटला, कारण तो संपल्यावर त्यांना माघार घेता येणार नव्हती.

"तोंड उघडा, वस्ताद," मी म्हटलं.

त्यांनी तीन बोटं जुळवली आणि तोंड उघडलं. एक बोट गेलं. दुसरं दातांवर अडलं. त्यांनी मान मागे टाकली, जबडा ताणला, डोळ्यांत पाणी आलं, दुसरं बोट अर्धं आत सरकलं आणि तिथेच राहिलं. तिसरं बाहेरच होतं. हशा केव्हाच बंद झाला होता.

"माझी बोटं जाड आहेत," ते म्हणाले.

मग त्यांनी श्रावणला हाक मारली. "श्रावण, तू घाल रे. माझ्याएवढीच बोटं आहेत तुझी. दाखव हिले."

श्रावणने हात तोंडापर्यंत नेला. त्याच्या गालात त्या वेळी खर्रा होता, आम्हाला सगळ्यांना दिसत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, वस्तादांकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. "नाही जी," तो म्हणाला, "मले नोका सांगू." बाकीची पोरं एकेक पाऊल मागे सरली.

वस्तादांनी एकेका पोराच्या गालाकडे पाहिलं. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी मुठीतली माती कपाळाला लावली, हरलेला पहिलवान लावतो तशी, आणि म्हणाले, "उद्या किती वाजता निघायचं?"

मला जिंकल्याचं काही वाटलं नाही. मी घरी येऊन मोरीत बसून रडले.

डॉक्टरांनी तपासलं, गळा चाचपला, छोटा तुकडा काढला. चाकू लागताना वस्तादांनी माझा हात असा दाबला की बांगडी पिचली. मग रिपोर्टची वाट. ते दिवस कसे गेले हे सांगता येत नाही. पोळ्याला बैल सजून गल्लीतून गेले, मी दारात उभी राहून त्यांना ओवाळलं, आणि माझ्या मनात एकच: गळ्यात उतरलंय का? वस्तादांनी खर्रा सोडला होता, पण हात उगाच खिशाकडे जायचा. जखमेकडे ते दिवसातून कितीदा तरी आरशात पाहत. पसरली का, एवढंच विचारत. मी म्हणायची, नाही. मला काय कळत होतं?

रिपोर्टमध्ये कॅन्सरच निघाला. डॉक्टरांनी तो शब्द सरळ उच्चारला. मी खुर्चीला घट्ट धरलं. पण गळ्यात गाठ नव्हती. गालाचा भाग आणि खालच्या जबड्याचा थोडा तुकडा काढावा लागेल, मग किरणांचे शेक द्यायचे. आताच केलं तर आशा चांगली आहे, म्हणाले. मग छातीचा फोटो दिव्यासमोर धरून म्हणाले, "हृदय, फुप्फुसं तरण्या माणसाची आहेत. एवढं मोठं ऑपरेशन झेपेल यांना. तुमची कसरत इथे कामी आली, वस्ताद."

वस्तादांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही दंगलीत मानाचा फेटा मिळाला. या माणसाच्या जबड्याचा तुकडा पडणार आणि ह्याला कौतुक छातीचं! मला त्यांना एक ठेवून द्यावीशी वाटली आणि मिठीही मारावीशी वाटली. डॉक्टरांसमोर दोन्ही शक्य नव्हतं.

"एक सांगून ठेवतो," डॉक्टर म्हणाले. "बोलणं पहिल्यासारखं राहणार नाही. घरच्यांना सवयीने समजेल, बाहेरच्यांना कठीण जाईल. ज्यांच्याशी जे बोलायचं ते बोलून घ्या."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दवाखान्यात भरती व्हायचं होतं. मला वाटत होतं, त्या दिवशी ते माझ्याशी बोलतील. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला काही ऐकायचं होतं. काय ते माहीत नव्हतं. पण सकाळी उठून ते आखाड्यात गेले आणि तिथून पोरांच्या घरोघर. ज्या ज्या पोराला त्यांनी बैठकांची परवानगी दिली होती, त्याच्या दारात उभं राहून त्याच्या आईबापासमोर त्याला तोंड उघडायला लावलं. श्रावणची दोनच बोटं गेली. त्याच्या बापाला वस्ताद म्हणाले, "मी सांगतलेलं खोटं होतं, भाऊ. ह्याले धंतोलीले ने." असंच ते फिरत राहिले आणि शब्द जोर लावून काढत राहिले. हे मला जयवंताने सांगितलं. नत्थूचं कसं झालं ते सांगायला ती सोबत होती. ते दुपारी परत आले तेव्हा त्यांचा घसा बसला होता. मला एवढंच म्हणाले, "भूक लागली वं."

मी पेज वाढली. राग होता मला. सगळ्या गावाला वाटून झालं आणि माझ्या वाट्याला भूक.

संध्याकाळी वॉर्डात त्यांना खाट मिळाली. खिडकीबाहेर रिक्षांचे भोंगे वाजत होते. नर्सने रात्री काही खायचं नाही म्हणून बजावलं. ते उशीला टेकून बसले होते, मी स्टुलावर. शेवटी मला राहवलं नाही. "साऱ्यायले सांगून आले. मले काहीच सांगायचं नाही काय जी?"

त्यांनी विचार केला. खरंच केला, त्यांच्या कपाळावर आठी पडली. मग म्हणाले, "तुले काय सांगू? इतके साल मीच बोललो, अन् तू बोलली ते ऐकलं नाही. आता तू बोल. मी ऐकतो."

आणि ते माझ्याकडे तोंड करून बसले, हात मांडीवर ठेवून, आखाड्यातलं नवं पोर पहिल्या दिवशी बसतं तसे.

मी तोंड उघडलं. साऱ्या तांडापेठेला माहीत असलेलं माझं तोंड, त्यातून शब्द निघेना. मग मी काहीबाही सुरू केलं. नळाला पाणी कमी येतं. सोसायटीवाल्याने सूत खराब दिलं. जयवंताच्या ओट्यावर मांजर व्यायली. डाळीला किडे लागलेत. घर सोडताना खिडकी लावली की नाही, आठवत नाही. ते प्रत्येक गोष्टीवर मान हलवत होते. "मंग?" म्हणत होते. "किती पिल्लं झाली?" विचारत होते. माझा एक शब्द त्यांनी खाली पडू दिला नाही, आणि मला त्यांचं ते ऐकणं सहन होईना.